‘मोफत वकील ही थाप आहे’ असं सांगणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गावाच्या, भावकीच्या, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरत असतो. शब्द मागेपुढे होतात, मजकूर तोच: ‘कोर्टात मोफत सरकारी वकील मिळतो ही शुद्ध थाप आहे. तो फक्त बीपीएलवाल्यांना आणि आरोपींना मिळतो. दाखल्यांसाठी सहा महिने चपला झिजवाव्या लागतात. मिळालाच तर शिकाऊ पोरगा मिळतो, तोही मागल्या दाराने पैसे मागतो आणि शेवटी तडजोडीच्या कागदावर सही घेतात. कर्ज काढा, पण वकील आपला करा.’ खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘सर्वांना पाठवा’.

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, दुसऱ्यामागे खरी तक्रार आहे, त्यांच्याकडे येऊच. बाकीचं चूक आहे. हा मेसेज वाचून समन्स हातात घेऊन जो घरी बसतो, त्याच्याविरुद्ध दावा एकतर्फी चालतो. ते निस्तरायला पुढे जो खर्च येतो तो मेसेज पाठवणारा देत नाही.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. सरकारी वकील म्हणजे फौजदारी खटल्यात शासनाच्या बाजूने उभा राहणारा वकील. तुमच्या फिर्यादीवरून खटला उभा राहिला असेल तर तो तोच चालवतो आणि त्याची फी तुम्हाला द्यायची नसतेच. तुम्ही आरोपी असाल तर तो तुमच्या विरोधात असतो. कोर्टाच्या आवारात ‘सरकारी वकील कुठे बसतात’ असं विचारलं की लोक त्याच दालनाकडे बोट दाखवतात, तिथे आपलं काम होत नाही, आणि माणूस ‘थापच होती’ म्हणत एसटी पकडतो. विचारायचं असतं ते विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. ही रचना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याची. तो प्रत्यक्ष लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. जिल्ह्याचे प्रमुख न्यायाधीश अध्यक्ष असतात, रोजचं काम सचिव पाहतात आणि तेही न्यायाधीशच असतात. कार्यालय सापडत नसेल तर १५१०० हा टोल फ्री क्रमांक देशभर एकच आहे.

‘फक्त बीपीएलवाल्यांना मिळतो.’

चूक. कायद्याच्या कलम १२ मध्ये पिवळ्या किंवा केशरी रेशनकार्डाचा उल्लेखही नाही. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीचे बळी, पूर-दुष्काळ-भूकंप किंवा जातीय अत्याचारात सापडलेले लोक आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे महिना साठ हजार पगाराची शिक्षिकासुद्धा पोटगीसाठी किंवा वडिलार्जित जमिनीतल्या हिश्शासाठी अर्ज करू शकते. तिला उत्पन्नाचा दाखला मागितला, तर ‘मी कलम १२ च्या महिला या गटातून अर्ज करते आहे’ एवढं सांगायचं. अर्ज घेणाऱ्यालाही कधीकधी याची आठवण करून द्यावी लागते.

उत्पन्न पाहिलं जातं ते या गटांत न बसणाऱ्यांचं. महाराष्ट्रात त्यासाठी मर्यादा वार्षिक ३ लाख रुपयांची आहे, सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणासाठी ५ लाखांची. चार लाख कमावणारा खुल्या प्रवर्गातला धडधाकट पुरुष यात बसत नाही, हे खरं. त्याच्यासाठी काय आहे ते शेवटी.

‘आरोपींनाच मिळतो.’

हा गैरसमज सर्वात जास्त नुकसान करतो, कारण खेड्यातली बहुतेक भांडणं जमिनीची आणि घरातली असतात. या कायद्यात ‘न्यायालय’ या शब्दाची व्याख्याच रुंद आहे: दिवाणी, फौजदारी, महसुली न्यायालय आणि निवाडा करणारं कोणतंही न्यायाधिकरण किंवा प्राधिकारी. वाटणीचा दावा, मनाई हुकूम, घटस्फोट, मोटार अपघाताची भरपाई, कामगार न्यायालयातलं प्रकरण, सगळं यात येतं. तहसील आणि प्रांत कार्यालयातल्या सुनावण्याही येतात.

फेरफाराचंच घ्या. वडील वारल्यावर वारस नोंद करताना बहिणींची नावं वगळली गेली आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली, तर त्याविरुद्ध प्रांताकडे अपील करता येतं. मुदत ६० दिवस. हे अपील लिहून देणं, त्यासोबत फेरफाराची आणि सात-बाराची नक्कल लावणं, सुनावणीला उभं राहणं, ही सगळी कामं विधी सेवेच्या वकिलाकडून होऊ शकतात. फक्त एक लक्षात ठेवायचं: फेरफार ही महसुली नोंद आहे, मालकी त्याने ठरत नाही. भाऊ हिस्साच नाकारत असतील तर दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावावा लागतो. वकील मिळाल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा: आपलं काम प्रांताकडे होणार की दिवाणी कोर्टात, की दोन्हीकडे? चुकीच्या दारात दोन वर्षं गेलेली कितीतरी प्रकरणं असतात.

आणि मदत म्हणजे नुसती वकिलाची फी नव्हे. कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, कागदपत्रं तयार करणं, भाषांतर, नकला, साक्षीदारांचा खर्च, हेही त्यात धरलेलं आहे. अर्जात ‘वकील हवा’ एवढंच लिहिलं तर तेवढंच मिळतं. म्हणून ‘कोर्ट फी व इतर खर्चासह’ असं स्पष्ट लिहावं.

आरोपींना मदत मिळते, हे मात्र बरोबर, आणि ती मिळायलाच हवी. फौजदारी बचावासाठी आता बऱ्याच जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालय आहे. तिथले वकील पूर्णवेळ असतात, खासगी प्रॅक्टिस करू शकत नाहीत. दंडाधिकाऱ्यापुढे पहिल्यांदा हजर केल्या दिवसापासून वकील मागता येतो. हा हक्क आरोपीला सांगणं दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबच्या खटल्यात म्हटलं होतं.

‘दाखल्यांसाठी सहा महिने चपला झिजवाव्या लागतात.’

कलम १३ सांगतं की उत्पन्नाबाबत अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, अविश्वास ठेवायला कारण असेल तरच जास्त पुरावा मागायचा. आणि हे प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं. न्यायालयात किंवा शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क राज्य शासनाने २००४ मध्येच माफ केलं आहे, तरीही कोर्टाबाहेरच्या टेबलावर ‘स्टॅम्पपेपर आणा’ म्हणणारे बसलेलेच असतात. तहसीलदाराचा दाखला हाताशी असेल तर जरूर जोडावा. नसेल तर त्यासाठी अर्ज अडवून ठेवू नये.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांप्रमाणे अर्जावर शक्यतो लगेच, जास्तीत जास्त सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावं, कार्यालयाने ते उतरवून अंगठा घ्यायचा असतो. अर्ज मराठीतच करावा. नाकारला तर कारण लेखी मागावं, कारण त्यावर अपील करता येतं.

अर्जात असतं तरी काय? नाव, पत्ता, फोन, कोणत्या गटातून अर्ज, विरुद्ध पक्ष कोण, तक्रार चार-पाच ओळींत, आणि प्रकरण चालू असेल तर त्याचा क्रमांक, कोर्ट आणि पुढची तारीख. सोबत ओळखपत्र, लागू असेल तो जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला, आणि आलेलं प्रत्येक समन्स, नोटीस किंवा हुकूम. सगळ्यांची झेरॉक्स द्यावी, मूळ प्रती स्वतःकडे ठेवाव्यात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. सात दिवस मोजायचे ते त्या पोचेवरून. शिक्का नसेल तर मोजणार कशावरून?

सहा महिने लागतात ते वेगळ्याच कारणाने. लोक समन्स आल्यावर दीड-दोन महिने ‘बघू’ म्हणतात आणि तारखेच्या आदल्या दिवशी कार्यालयात येतात. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते, कारण दाखवलं तर कोर्ट ती ९० दिवसांपर्यंत घेऊ शकतं. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत. फौजदारी शिक्षेवर सत्र न्यायालयात ३०, उच्च न्यायालयात ६०. विधी सेवेकडे अर्ज केला म्हणून हे घड्याळ थांबत नाही. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच याची खात्री कोणताही वकील देऊ शकत नाही, मोफतही नाही आणि विकतही नाही. एक अट मेसेजमध्ये नाही, ती आम्ही सांगतो: प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य दिसायला हवं. नुसतं शेजाऱ्याला कोर्टाची पायरी दाखवायची म्हणून मदत मिळत नाही.

‘शिकाऊ पोरगा देतात.’

हे ते अर्धं खरं वाक्य. नियम असा की किमान तीन वर्षं वकिली झालेल्यांनाच सहसा पॅनेलवर, म्हणजे विधी सेवेच्या वकिलांच्या यादीत, घेतात. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात निदान दहा वर्षांचा अनुभव असलेल्या वकिलांचाच विचार व्हावा आणि त्यांना तयारीला किमान सात दिवस मिळावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अनोखीलाल खटल्यात सांगितलं. म्हणजे कोट नवा घातलेला पोरगा मिळतो हे खरं नाही. पण पॅनेलवरच्या वकिलाला मिळणारं मानधन बाजारातल्या फीच्या तुलनेत फारच कमी असतं, त्यामुळे काही जण अशा प्रकरणाच्या तारखेला ज्युनिअर पाठवतात किंवा कोणालाच पाठवत नाहीत. ही व्यवस्थेतली खरी खोट आहे, ती झाकण्यात अर्थ नाही.

त्यावर उपाय मात्र पक्षकाराच्या हातात आहेत. पॅनेलवरच्या एखाद्या वकिलाचं नाव अर्जातच सुचवता येतं. ते मानलंच जाईल असं नाही, पण विचार होतो. प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक घेऊन ई-कोर्ट ॲपवर प्रत्येक तारखेनंतर काय झालं ते पाहावं. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या-त्या तारखेच्या नोंदीत, दोन-तीनदा ‘वकील गैरहजर’ अशी नोंद दिसली, तर त्या नोंदी लावून सचिवांकडे वकील बदलून मिळण्याचा लेखी अर्ज करावा. ‘वकील नीट काम करत नाहीत’ एवढ्यावर कोणी काही करत नाही. तारखांसकट दिलं की करावं लागतं. मोफत वकिलांच्या कामावर नजर ठेवायला समिती असते, वकिलाला पॅनेलवरून काढताही येतं. पण रागाच्या भरात परस्पर दुसरा वकील नेमू नका. तसं केलं तर विधी सेवा काढून घेतली जाऊ शकते.

‘मागल्या दाराने पैसे मागतात.’

मागणारे आहेत. क्वचित उघड फी म्हणून, बहुधा ‘टायपिंगचे’, ‘नकलेचे’, ‘कारकुनाला चहापाण्याचे’ म्हणून. पॅनेलवरच्या वकिलाने अर्जदाराकडून फी, मोबदला किंवा कोणत्याही रूपात काहीही मागायचं वा घ्यायचं नाही, असं विनियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. देऊ नका. रोख दिलेल्या पैशाचा पुरावा राहत नाही. तारीख, रक्कम आणि कशासाठी मागितली ते लिहून सचिवांना द्या.

‘शेवटी तडजोडीवर सही घेतात.’

लोकअदालत आणि मोफत वकील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मेसेजने त्यांची भेळ केली आहे. लोकअदालतीत दोन्ही बाजूंची संमती असेल तरच निवाडा होतो. नाही म्हटलं की प्रकरण होतं तसं कोर्टात परत जातं. दावा तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. सावध राहायचं ते एकाच गोष्टीसाठी: तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी रक्कम, हप्ते, तारखा, ताबा कधी द्यायचा आणि हप्ता चुकला तर काय, हे कागदावर उतरलंय का ते वाचून घ्यावं. ‘बाकीचं तोंडी ठरलंय’ म्हटलं की पेन खाली ठेवायचं.

‘कर्ज काढा, पण वकील आपला करा.’

मर्यादेत न बसणाऱ्यांनाही लगेच कर्जाकडे धावायची गरज नसते. सामायिक सेवा केंद्रातून किंवा १४४५४ वर टेलि-लॉ या सरकारी योजनेतून वकिलाचा सल्ला फुकट मिळतो. तो सल्लाच असतो, कोर्टात कोणी उभं राहत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. वीज, टपाल, दवाखाना, विमा अशा सेवांबद्दलचा १ कोटीपर्यंतचा वाद कायमस्वरूपी लोकअदालतीत नेता येतो. तिथे तडजोड झाली नाही तर ती स्वतः निकाल देऊ शकते. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात संरक्षण अधिकारी अर्ज भरून देतात.

खासगी वकील करायचाच तर पूर्ण केसची फी एकदम ठरवण्याआधी फक्त कागद पाहून मत देण्याची, किंवा नुसता मसुदा करून देण्याची वेगळी फी विचारा. फी लेखी घ्या: एकूण किती, दर तारखेला वेगळी लागणार का, कोर्ट फी आणि नकला त्यात धरल्या आहेत का, आणि अपील झालं तर पुन्हा किती. पावती मागायला लाजू नका.