कोकणात प्रिंटरची शाई सुकते म्हणे!

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज वाडीच्या, शाळेच्या, देवस्थानच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरायला लागतो. ‘कोकणातल्या बंधूभगिनींनो, पाच हजारांचा ऑल-इन-वन इंकजेट प्रिंटर घरी आणू नका’ अशी सुरुवात आणि खाली कारणांची माळ. दमट हवेत शाई सुकते. शाई वाचवायची तर भिंतीवरचं बटण कायम बंद ठेवावं लागतं. घरचं पान दहा रुपयांना पडतं. शाई संपली की स्कॅनरही बंद. शाई बाहेरून भरली तर कंपनी मशीन लॉक करते, शिवाय तो गुन्हा. इंकजेटचा कागद सरकारी कचेरीत चालत नाही. आणि शेवटी, ‘लेझर घ्या, नाहीतर सरळ झेरॉक्सवाल्याकडे जा.’

लिहिणाऱ्याने कुठेतरी हात पोळून घेतलेला दिसतो. त्याच्या दोन-तीन मुद्द्यांत तथ्यही आहे. पण जो मुद्दा सगळ्यात वर, तीन उद्गारचिन्हं लावून दिलाय, तोच नेमका उलटा आहे.

‘दमट हवेत शाई सुकते, महिन्याभरात नोझल बंद!!!’

दमट हवेत काहीतरी सुकतं, हे विधान कोकणात बसून करायला धाडस लागतं. आमच्याकडे आषाढात दोरीवरची चादर तीन-तीन दिवस ओली राहते. इंकजेटची शाई म्हणजे बहुतांश पाणी, त्यात रंग आणि ग्लायकॉलसारखी ओल धरून ठेवणारी द्रव्यं. नोझलच्या, म्हणजे शाई फेकणाऱ्या बारीक भोकाच्या, तोंडाशी शाई घट्ट होते ती त्यातलं पाणी उडून जातं म्हणून, आणि पाणी उडतं कोरड्या हवेत. तेव्हा हवेचीच भीती घालायची असेल तर ती मे महिन्यातल्या नागपूर-अकोल्याला घाला. रत्नागिरी-मालवणच्या जुलैला नको.

मग इथे नोझल जाम होत नाहीत का? होतात. न वापरल्यामुळे होतात. नोझलचं भोक केसापेक्षा बारीक असतं. त्याच्या तोंडाशी आठवडेच्या आठवडे तीच शाई उभी राहिली की दमट हवेतसुद्धा ती हळूहळू घट्ट होतेच. त्यावर उपाय एकच: आठवड्यातून एकदा एखादं रंगीत पान काढायचं. पोराच्या प्रोजेक्टचं काढा, नाहीतर मशीनच्या मेनूतला ‘नोझल चेक’ काढा. त्याला शाई नावापुरती लागते.

छापताना पांढऱ्या रेघा दिसल्या तर मेनूतलं ‘क्लीनिंग’ (शाई जोरात सोडून नोझल मोकळे करणं) एकदा करावं, फार तर दोनदा, आणि मग रात्रभर मशीन तसंच ठेवून सकाळी पुन्हा बघावं. लोक घाबरून सलग सहा वेळा क्लीनिंग दाबतात. ती सगळी शाई मशीनच्या पोटातल्या शोषक पॅडमध्ये जाते. तो पॅड भरला असं मशीनच्या हिशोबात आलं की ते छापणंच थांबवतं. कॅननच्या मशीनवर 5बी00 हा कोड येतो तो याचाच. म्हणजे बाटली रिकामी, पॅड भरलेला, आणि दोष हवेचा!

मेसेज लिहिणाऱ्याला न सुचलेली एक गोष्ट इथेच सांगतो. कार्ट्रिजवाल्या, म्हणजे शाईची आयती डबी बसवायच्या, बहुतेक स्वस्त मशीनमध्ये शाई फेकणारं हेड कार्ट्रिजलाच चिकटलेलं असतं. कार्ट्रिज बदललं की हेडही नवं. टँकवाल्या, म्हणजे बाटलीतून शाई ओतायच्या, कित्येक मशीनमध्ये हेड मशीनचाच भाग असतं आणि ते गेलं तर दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो. (काही टँक मॉडेलांत हेड वेगळं बदलता येतं, घेतानाच विचारावं.) त्यामुळे शिमग्याला कुलूप लावून थेट गणपतीला उघडणारं घर असेल तर टँक घेऊच नये. चाकरमान्याने गावच्या घरात ठेवायचाच तर साधा कार्ट्रिजवाला ठेवावा. कार्ट्रिज सुकलंच तर टिश्यू पेपर कोमट पाण्यात भिजवून त्यावर ते मिनिट-दोन मिनिटं तोंडाकडून टेकवायचं. बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं. नाही सुटलं तर नुकसान एका कार्ट्रिजचं.

पण कोकणची हवा निर्दोष आहे, असं काही मी म्हणत नाही. ती बिघडवते ते कागदाला. बहुतेक इंकजेट कंपन्या 80 टक्क्यांपर्यंतच्या आर्द्रतेत मशीन वापरा म्हणतात, आणि इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर ऐंशीच्या खाली हवा येते कधी, हाच प्रश्न. स्वस्त मशीनचा ट्रे मागच्या बाजूला उभा, उघडा. त्यात रात्रभर ठेवलेला गठ्ठा सकाळी मऊ पडलेला असतो, कडा लाटेसारख्या वळलेल्या. मग दोन पानं एकदम ओढली जातात, नाहीतर एकही नाही, आणि अक्षरांच्या कडा पसरतात. घरचे म्हणतात, प्रिंटर बिघडला. प्रिंटर ठणठणीत असतो, कागद मेलेला असतो.

कागद पापडासारखा सांभाळावा. रिमचं वेष्टन ओल आत शिरू देत नाही, म्हणून ते फाडून फेकू नये, दुमडून ठेवावं. लागतील तेवढीच दहा-वीस पानं काढावीत, उरलेला रिम पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. काम झालं की ट्रे मोकळा करून ठेवावा. आणि वर कापड टाकावं, कारण पहिल्या पावसाला दिव्याभोवती येणारे किडे आणि बारमाही पाल यांना तो मागचा ट्रे फार आवडतो. पेपर जॅम म्हणून उघडलेल्या मशीनमधून काय काय निघतं, ते इथे लिहीत नाही. मशीन समुद्राकडच्या खिडकीत मात्र ठेवू नका. खारा वारा कार्ट्रिजच्या धातूच्या संपर्कबिंदूंवर बसतो आणि मग धडधडीत बसवलेलं कार्ट्रिज मशीनला ‘सापडत नाही’.

‘बटण भिंतीवरून बंद ठेवा, शाई वाचते’

हा सल्ला पाळल्यामुळे जेवढे प्रिंटर गेले असतील तेवढे कोकणच्या पावसाने गेले नसतील. मशीनवरचं स्वतःचं बटण दाबलं की ते हेड एका कडेला नेतं आणि रबरी टोपीखाली झाकून बसवतं. त्या टोपीखाली नोझल ओले राहतात. चालू मशीनचा प्लग ओढला किंवा भिंतीवरचं बटण पाडलं, तर हेड वाटेत उघडंच अडकतं. शिवाय काही मॉडेलं वीज पुन्हा आली की किती काळ गेला ते न कळल्यामुळे खबरदारी म्हणून क्लीनिंग करून घेतात. वाचवायला गेलात शाई आणि रोज सकाळी तीच सांडताय. आधी मशीनचं बटण, दिवा विझू द्या, मग हवं तर भिंतीवरचं. विजा कडाडत असतील तर प्लगही काढा, पण याच क्रमाने.

‘घरी पान दहा रुपयांना, दुकानात दोन’

इथे मेसेजवाल्याचं अर्धं खरं आहे. पाच हजारांच्या मशीनवर कंपनी कमावते ती कार्ट्रिजवर. समजा कार्ट्रिज आठशेचं आहे आणि खोक्यावर 120 पानं लिहिलीत. पान पावणेसात रुपयांच्या आसपास गेलं, कागद वेगळा. आणि ती 120 पानंसुद्धा ठरावीक नमुन्याची, सलग छापून मोजलेली; घरी दोन आज, एक परवा अशी काढली तर कमीच भरतात. तिरंगी कार्ट्रिजमध्ये तर पिवळा एकटा संपला तरी निळा-गुलाबी तसाच टाकून द्यावा लागतो. पोरांच्या प्रोजेक्टात सूर्यफुलं भरपूर असतील तर हे लवकर कळतं.

पण हा हिशोब कार्ट्रिजचा आहे, इंकजेटचा नाही. एप्सनच्या 003 शाईच्या काळ्या बाटलीवर कंपनी 4,500 पानं सांगते. बाटली पाचशेची धरली तरी शाई पानामागे अकरा पैसे. टँकचं मशीन कार्ट्रिजवाल्यापेक्षा सात हजारांनी महाग मिळालं असं धरलं, तर हा फरक साधारण 1,100 पानांत भरून निघतो. बचत गटाचे ठराव आणि हिशोब, दोन शाळकरी मुलं, होमस्टेला येणाऱ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती, बागायतदाराची बिलं असं घर असेल तर 1,100 पानं व्हायला फार वेळ लागत नाही.

महिन्याला चार पानं लागणाऱ्याला मात्र मीही दुकानच सांगेन, जर दुकान वाडीत असेल तर. नसलं तर दोन रुपयांच्या पानासाठी एसटीचं जायचं-यायचं तिकीट, तालुक्याच्या गावची गर्दी, ‘लाईट नाय, दुपारनंतर येवा’ हे उत्तर आणि बुडालेला अर्धा दिवस, एवढं सगळं त्या पानाच्या किमतीत मोजावं लागतं. मेसेजमध्ये ते मोजलेलं नाही. भजनाच्या पन्नास प्रती काढायच्या असतील तर गोष्ट वेगळी. मूळ प्रत घरी काढा, बाकीच्या दुकानात.

‘शाई संपली की स्कॅनरही बंद, हा कंपनीचा डाव’

डाव म्हणा, काही म्हणा, तक्रार खोटी नाही. 2021 मध्ये अमेरिकेत कॅननविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात याच कारणावरून दावा दाखल झाला होता. स्कॅन करायला शाईचा थेंबही लागत नाही, मग काम का अडवता, असा सवाल होता. पण ‘बंद पडतो’ इथे मेसेज थांबतो आणि पुढचं सांगत नाही. कॅननच्या बऱ्याच स्वस्त मॉडेलांत शाई संपल्याचा इशारा आला की ‘स्टॉप’चं बटण पाच सेकंदांहून जास्त दाबून धरलं तर शाईची तपासणी बंद होते आणि काम पुढे चालतं. एचपीच्या दोन कार्ट्रिजवाल्या मशीनमध्ये संपलेलं एक काढून ठेवलं तर दुसऱ्या एकट्यावर छापता येतं. मशीन टाकून देण्याआधी मॅन्युअल उघडायला काय हरकत आहे?

‘बाहेरची शाई भरली की मशीन लॉक, वर गुन्हा’

आपल्या पैशाने घेतलेल्या कार्ट्रिजमध्ये शाई भरणं हा गुन्हा नाही. अमेरिकेत लेक्समार्क कंपनीने पुन्हा भरलेली कार्ट्रिज विकणाऱ्यांवर पेटंटचा दावा लावला, तेव्हा 2017 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला. लॉकची गोष्ट मात्र खरी आहे. 2016 च्या सप्टेंबरमध्ये एचपीच्या काही मॉडेलांनी परकी चिप असलेली कार्ट्रिज अचानक नाकारली, आणि 2020 मध्ये इटलीच्या नियामकाने कंपनीला एक कोटी युरोंचा दंड केला. तेव्हा खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. मूळ चिपच लागेल असं लिहिलेलं असलं तर ते मशीन घेऊ नका. टँकवाल्यांना ही कटकट फारशी नाही. बाहेरच्या शाईने हेड गेलं तर वॉरंटीत मिळणार नाही, एवढं धरून चालावं.

‘लेझरच घ्या’

लेझरमध्ये शाईऐवजी टोनर असतो. ती कोरडी पूड, सुकण्याचा प्रश्नच नाही. महिनोन्महिने बंद राहणाऱ्या घराला लेझर बरा, हे मान्य. पण लेझर कागदावर पूड चिकटवतो ती दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या रुळाने, आणि त्यासाठी त्याला शेकडो वॉट लागतात. साधा इंकजेट दहा-वीस वॉटांत छापतो. मृगाच्या पहिल्या वाऱ्याला गेलेली लाईट केव्हा येईल याचा भरवसा नसतो, आणि घरातल्या इन्व्हर्टरवर दोन पंखे, चार दिवे आधीच असतात. त्यावर इंकजेट निमूट चालतो. लेझर लावलात तर इन्व्हर्टर ट्रिप होऊन घरात अंधार. लेझर यूपीएसवर लावू नका, असं बऱ्याच कंपन्या स्वतःच सांगतात. शहरातल्या माणसाने लिहिलेला सल्ला ओळखायचा असेल तर तो इथे ओळखू येतो.

‘सरकारी कचेरीत चालत नाही’

डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपये भरून काढला की त्यावर पडताळणी क्रमांक येतो. तलाठ्याने किंवा बँकेने तो क्रमांक तपासायचा असतो; अक्षरं कुठल्या मशीनने उमटवली याच्याशी त्याचा संबंध नाही.

अडचण आहे ती पाण्याची. रंगीत शाई बहुधा डाय प्रकारची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते, ती थेंब पडला की वाहते. काळी काही मशीनमध्ये पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक कणांची असते, ती बरीच टिकते. काहींत काळीही डायच. घरचा प्रिंटर कुठला ते बघायला एक ओळ छापून, वाळवून, त्यावर ओलं बोट फिरवा. पसरली तर पावसात तहसील गाठताना कागद प्लास्टिकच्या फाइलमध्येच न्या. आणि आंब्याच्या पेट्यांना लावायची लेबलं अशा मशीनवर काढू नका. पहाटे दव लागलेल्या टेम्पोत ती वाशीला पोचेपर्यंत बागेचं नावसुद्धा वाचता येत नाही. तेवढ्यासाठी दुकानातली लेझरची प्रत घ्या.