पुस्तक पिवळं झालं, डोकं कोरंच राहिलं

अभ्यास कसा करावा यावरच्या एका लेखात म्हटलंय की धडा तीन-चार वेळा वाचला की पक्का होतो, माझा अनुभव उलटाय. एमपीएससीच्या पहिल्या अटेम्प्टला पॉलिटीचं (म्हणजे राज्यघटना-राज्यव्यवस्थेचं) पुस्तक पाचदा वाचलं, हायलायटर संपवले, सगळं ओळखीचं वाटायचं आणि पेपरात मात्र राष्ट्रीय आणीबाणी कलम 352 की 356 यातच गोंधळ, कारण ओळखीचं वाटणं वेगळं आणि आठवणं वेगळं ना. मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते खरडायला लागलो, आधी अर्धं पानही भरेना, लाज वाटायची, पण सुटलेलं तेवढंच परत बघायचं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच तपासलं होतं, पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर न बघता आठवून लिहिणारे पुढे. म्हणूनच आदल्या रात्री घोकंपट्टी करणाऱ्यांना वाटतं आपलंच बरोबर 😄 आणि एकाच दिवशी चार रिव्हिजन नकोत, मी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने करतो (कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू). घरी आजीला समजावून बघा, ती "म्हणजे काय रे?" म्हणाली की कळतं कुठं कच्चंय ते.