'जीव वाचला ना, मग झालं!' या प्रतिक्रियेला उत्तर

काकू, नमस्कार.

माझा गर्भ गर्भाशयाच्या पिशवीऐवजी गर्भनळीत रुजला आणि गेला, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "दीड महिन्याचं, तेही पिशवीत नव्हतं. ते इतकी वर्षं काय कुरवाळत बसायचं? जीव वाचला, देवाचे आभार मान. तुझा लेख वाचून माझ्या गरोदर सुनेला रात्रभर झोप नाही." सुनेची झोप उडाली याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिच्यासाठी शेवटी लिहिते.

जीव वाचला हे मी कशी विसरेन? त्या संध्याकाळी ओटीपोटात डावीकडे कळ होती, पण त्याहून जास्त दुखत होता खांदा. आडवं पडलं की सुरी खुपसल्यासारखं व्हायचं. सांगलीतल्याच एका दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन देऊन मला घरी पाठवलं. रात्री चक्कर येऊन पडले, तेव्हा नवऱ्याने मिरजेला नेलं. गर्भ नळीत रुजला होता आणि नळी फुटली होती. पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, लागतं आणि त्याची कळ खांद्यात उमटते, कारण दोन्हीकडच्या नसा मानेत एकाच भागातून निघतात. हे मला ऑपरेशननंतर कळलं. आधी कुणी सांगितलं असतं तर इंजेक्शन घेऊन मी घरी आलेच नसते. म्हणून तो लेख लिहिला, काकू.

आता 'पिशवीत नव्हतंच' याबद्दल. चाचणीवर दोन रेघा आल्या होत्या. सकाळची मळमळ होती, उशाशी फोलिक ॲसिडच्या गोळ्या होत्या. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दुपट्यांसाठी त्यांचं मऊ झालेलं लुगडं धुऊन ठेवलं होतं. गर्भ कुठे रुजलाय हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आज त्याचा म्हणून माझ्याकडे एकच कागद आहे, काढलेल्या नळीचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. त्यात नळीची लांबी सेंटीमीटरमध्ये आहे, फाटलेल्या जागेची नोंद आहे आणि गर्भाच्या वारेचा अंश दिसल्याची एक ओळ आहे. बास.

नळीतला गर्भ उचलून पिशवीत ठेवता येत नाही, जगातल्या कुठल्याच डॉक्टरला नाही. म्हणजे ज्या ऑपरेशनने मी वाचले, त्याच ऑपरेशनात ते गेलं. तुम्ही आभार मान म्हणता. मानते, रोज मानते. पण त्यातलं दुःख बाजूला काढून नुसते आभार कसे मानू?

आणि मी काही एकटी मनाने कमकुवत नाही. लंडनच्या इम्पिरियल कॉलेज आणि बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आपोआप गर्भपात किंवा अशी नळीतली गर्भधारणा झालेल्या ६५० हून जास्त बायका त्यात होत्या. महिन्याभरानंतर त्यांच्यातल्या २९ टक्के जणींमध्ये मोठ्या आघातानंतर दिसतात तशी लक्षणं होती, नऊ महिन्यांनीही १८ टक्के जणींमध्ये. माझं म्हणाल तर पाळी जरा पुढे गेली की हात गार पडतात. बाजारातून जड पिशवी आणून खांदा भरून आला तरी त्या रात्री झोप लागत नाही. एकदा असं झालं की पुन्हा होण्याची शक्यता साधारण दहात एक असते, हे डोक्यातून जात नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणी तरी हमखास म्हणतं, "आता गोड बातमी दे." त्या मायेनंच म्हणतात, मला कळतं. पण घरी येईपर्यंत मी गप्प असते.

आता सुनेबद्दल. तिला सांगा, शंभरातल्या एक-दोन गर्भधारणाच अशा असतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करा. गर्भ पिशवीत दिसला की ही काळजी जवळजवळ मिटते. सोनोग्राफी आधीच झाली असेल आणि सगळं नीट असेल, तर तिला आजच निवांत झोपू दे. झाली नसेल, तर एका बाजूला दुखणं, रक्ताचे डाग, घेरी किंवा खांद्यात कळ, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. जिथे सोनोग्राफी आणि ऑपरेशन दोन्ही होतं अशा दवाखान्यात रात्रीच न्या, आणि दिवस गेलेत हे दारातच सांगा.

तिला काही विचारायचं असेल तर इथेच लिहू दे, मी उत्तर देईन. लेख मात्र मी काढणार नाही, काकू.