‘झेपेल तेवढंच दुःख’ या मेसेजबद्दल खुलासा

प्रिय मंडळी, ‘देव आपल्याला झेपेल तेवढंच दुःख देतो, १ करिंथ १०:१३’ हा मेसेज सध्या खूप फिरतोय. मागच्या आठवड्यात मीही तो ग्रुपवर टाकला होता. तो चुकीचा आहे.

१ करिंथ म्हणजे बायबलमधलं, येशूचा प्रेषित पौल याने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र. त्या वचनाचा संपूर्ण अध्याय वाचला. तिथे पौल रानात मूर्तिपूजेच्या मोहात पडलेल्या इस्राएल लोकांची आठवण देतो. मोहाच्या वेळी देव निभावण्याचा मार्गही देतो, असं तो सांगतो. दुःखाच्या मापाविषयी तिथे काही नाही. उलट २ करिंथ १:८ मध्ये तोच पौल लिहितो की आशिया प्रांतात आपण शक्तीपलीकडे दडपून गेलो, जगण्याचीही आशा उरली नव्हती.

आणि एलीया संदेष्टा! बायबलमधल्याच १ राजे १९ मध्ये तो झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला रागावत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवतो, झोपू देतो, पुन्हा उठवून म्हणतो, ‘खा, ही वाट तुला झेपणारी नाही.’

हे लिहायचं कारण, मेसेज वाचून एका ताईंचा फोन आला. धंदा बुडालाय, घरात आजारपण. “मला झेपत नाहीये, म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का?” नाही, ताई. अजिबात नाही.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच माणसांना हा खुलासा पाठवा, आणि शक्य असेल तर डबा घेऊन भेटायला जा.