सूत्रकृमीच्या आयुष्यावरून इन्सुलिन सोडायला सांगणारा संदेश

इन्सुलिन हेच म्हातारपणाचे मूळ आहे, शास्त्रज्ञांनी ते बंद करून सूत्रकृमींचे आयुष्य दुप्पट केले, म्हणून मधुमेहींनी इंजेक्शन सोडून, साखर वर्ज्य करून सव्वाशे वर्षे जगावे, असा एक संदेश सध्या फिरतो आहे. टाइप १ मधुमेह असलेल्या माझ्या मावशीने तो वाचून डोस परस्पर कमी केला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मूळ प्रयोग खरा आहे, एवढे मान्य करावे लागते. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सी. एलेगन्स हा कृमी दोन-तीन आठवडे जगतो. डॅफ-२ या जनुकात बिघाड असलेले कृमी त्याच्या दुपटीहून अधिक जगतात, हे जीवशास्त्रज्ञ सिंथिया केनियन यांच्या गटाने १९९३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात मांडले.

मात्र तिथे इन्सुलिन कोणीही बंद केले नव्हते. डॅफ-२ पासून इन्सुलिनसारख्या संप्रेरकांचा संदेश टिपणारा ग्राही (पेशीवरील प्रथिन) बनतो. तो काहीसा दुबळा झाला की डॅफ-१६ हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरते आणि ताण सोसण्याची जनुके चालू करते. डॅफ-१६ नसेल तर वाढीव आयुष्यही मिळत नाही. ग्राही फारच निकामी झाला, तर अळी प्रौढ होण्याऐवजी ‘डाउअर’ या वाढ थांबलेल्या अवस्थेत अडकते, जिथे तिचे तोंडही बंद असते. संदेश लिहिणाऱ्याने हा भाग सोयीस्करपणे गाळला आहे.

सर्वांत घातक भाग इंजेक्शनचा. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. बाहेरून मिळणारे इन्सुलिनही थांबले की रक्तात साखर साचते, शरीर चरबी जाळू लागते, त्यातून बनणारे कीटोन हे आम्लधर्मी पदार्थ वाढून रक्त आम्लधर्मी होते, आणि उलट्या, धाप, बेशुद्धी या वाटेने काही दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या मुलाला इन्सुलिन टोचले जाण्यापूर्वी अशा मुलांच्या नशिबी मरणच होते. इन्सुलिनचा अभाव दीर्घायुष्य देत असता, तर ती मुले सर्वाधिक जगली असती. माणसात इन्सुलिनचा ग्राही जन्मतःच जवळपास निकामी असेल तर डोनोह्यू सिंड्रोम होतो आणि बहुतेक बाळे दोन वर्षांचीही होत नाहीत.

साखरेबद्दल थोडे तथ्य आहे: खाद्यात ग्लुकोज मिसळल्यास या कृमींचे आयुष्य घटते. पण साखर कमी खाणे आणि औषध सोडणे यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

सव्वाशे वर्षांच्या दाव्याला तर कसलाच आधार नाही. इक्वाडोरमधील लॅरॉन सिंड्रोमच्या लोकांमध्ये आयजीएफ-१ हे इन्सुलिनचे भावंड असलेले संप्रेरक जन्मभर अत्यल्प असते. त्यांच्यात कर्करोग आणि मधुमेह फार विरळा आढळतात, तरीही ते आपल्या नातेवाइकांपेक्षा जास्त जगत असल्याचे दिसलेले नाही.