आरशाला हात लावू नका : प्रोजेक्शन टीव्हीच्या ‘सहा घरगुती उपायां’ना उत्तर

गेल्या रविवारी न्यू जर्सीतील एडिसनहून ताईचा व्हिडिओ कॉल आला. तळघरातल्या ५१ इंची रिअर-प्रोजेक्शन टीव्हीचा (आतल्या तीन ट्यूबांचे चित्र लेन्स आणि आरशामार्फत पडद्यावर मागून पाडणाऱ्या जुन्या प्रकारच्या टीव्हीचा) पडदा काढून भिंतीला टेकवून ठेवला होता आणि दाजी आतल्या आरशावर निळ्या काच-क्लीनरचा फवारा मारून वर्तमानपत्राच्या बोळ्याने तो घासत होते. त्यांना तसे करायला सांगणारा संदेश नंतर मला आणखी दोन नातेवाइकांकडून आला. जुना प्रोजेक्शन टीव्ही टाकू नका, असे सांगून त्यात सहा उपाय दिले आहेत : रंग विस्कटले असतील तर पडद्यावरून चुंबक फिरवा, चित्र धुरकट दिसत असेल तर लेन्सवरची धूळ पुसा आणि आरसा काच-क्लीनरने घासा, ट्यूबपुढचे ‘पाणी’ गढूळ झाले असेल तर ते काढून उघड्या भांड्यात ठेवा आणि गाडीचे कूलंट भरा, फ्यूज गेला असेल तर तार जोडा, चित्र अंधुक असेल तर ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवा, आणि प्लग काढून दहा मिनिटे थांबल्यावर आत कुठेही निर्धास्तपणे हात घाला. टीव्ही दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे हे वाचून गप्प बसणे मला शक्य नाही.

सर्वांत मोठे नुकसान आरशाच्या उपायाने होते, म्हणून आधी तोच घेतो. घरातल्या आरशाचा चांदीचा थर काचेच्या मागे असतो आणि त्यावर रंगाचे अस्तर असते. त्यामुळे तो कितीही घासला तरी ओरखडा काचेवर पडतो, थरावर नाही. प्रोजेक्शन टीव्हीतल्या आरशाचा परावर्तक थर मात्र पुढच्या बाजूला असतो, कारण तो मागे असता तर काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरूनही थोडा प्रकाश परतला असता आणि चित्र दुहेरी दिसले असते. हा फरक ओळखणे अगदी सोपे आहे. कागदाचा कोपरा आरशाजवळ नेला तर साध्या आरशात कोपरा आणि त्याचे प्रतिबिंब यांच्यामध्ये काचेच्या जाडीमुळे फट राहते. या आरशात ती दोन टोके एकमेकांना जवळजवळ चिकटलेली दिसतात. म्हणजे बोळा फिरतो तो थेट ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ थरावरून, आणि काच-क्लीनरमध्ये अमोनिया असेल तर तो त्याच धातूला खातो. दाजींनी आरशाचा जेमतेम तळहाताएवढा भाग घासला होता, तरी मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात तिथे ओरखड्यांची बारीक वर्तुळे स्पष्ट दिसत होती. ती आता कोणत्याही उपायाने जाणार नाहीत. अशा आरशावरची सुटी धूळ हवेच्या हलक्या झोताने उडवावी. बोटांचे ठसे नसतील तर त्याला स्पर्शही करू नये.

याच मुद्द्यातले अर्धे वाक्य खरे आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. तिन्ही लेन्स वरच्या दिशेने तोंड करून बसलेल्या असल्यामुळे वीस वर्षांत त्यांच्यावर धुळीचा जाड थर बसतो आणि मऊ कापडाने तो अलगद टिपला की चित्र खरोखरच उजळते. मात्र त्या लेन्स बहुधा प्लॅस्टिकच्या असतात, म्हणून तिथेही काच-क्लीनर नको.

चुंबकाचा उपाय वाचून तर हा संदेश लिहिणाऱ्याने असा टीव्ही उघडा कधी पाहिलाच नसावा, अशी माझी खात्री झाली. नेहमीच्या रंगीत पिक्चर ट्यूबमध्ये पडद्यामागे बारीक छिद्रांची लोखंडी जाळी असते. ती चुंबकित झाली की रंगांचे डाग पडतात आणि डीगॉसिंग कॉइल (चुंबकत्व घालवणारे तारेचे वेटोळे) फिरवून ते घालवता येतात. प्रोजेक्शन टीव्हीत लाल, हिरवी आणि निळी अशा तीन स्वतंत्र, प्रत्येकी एकाच रंगाच्या ट्यूब असतात. त्यांत जाळी नसते आणि म्हणून तो डागही पडत नाही. आपण पाहतो तो पडदा म्हणजे फ्रेनेल लेन्स (प्रकाश प्रेक्षकाकडे वळवणारी चपटी लेन्स) आणि उभ्या बारीक रेषांचा लेंटिक्युलर पडदा, दोन्ही प्लॅस्टिकचे. त्यावरून चुंबक फिरवून ओरखड्यांखेरीज काय मिळणार?

रंग विस्कटण्याचे खरे कारण कन्व्हर्जन्स, म्हणजे तीन रंगांच्या चित्रांची जुळवणी, बिघडणे हे आहे. तीन ट्यूबांची तीन चित्रे पडद्यावर तंतोतंत एकमेकांवर बसावी लागतात आणि त्यासाठीच्या कॉइलना विद्युतप्रवाह पुरवण्याचे काम सहसा एसटीके ३९२-११० यासारख्या दोन आयसी (इलेक्ट्रॉनिक चिप) करतात. दोष किरकोळ असेल तर टीव्ही अर्धा तास चालू ठेवून, मेनूतल्या अधिकच्या चिन्हावर लाल आणि निळी रेघ हिरव्या रेघेवर आणून बसवता येते. परंतु एखाद्या रंगाच्या रेषा धनुष्यासारख्या वाकल्या असतील आणि मेनूतून कितीही सरकवल्या तरी जागेवर येत नसतील, तर आयसी गेला आहे, त्याच्या वाटेवरचा कमी ओहमचा रेझिस्टर जळला आहे किंवा सोल्डर सुटले आहे, असे समजावे. आयसी बदलताना मूळ दर्जाचाच भाग घ्यावा आणि हीटसिंकची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीची) पेस्ट नव्याने लावावी, नाहीतर नवा आयसीही फार काळ टिकत नाही.

ट्यूबपुढचे कूलंट, म्हणजे संदेशातले ‘पाणी’, गढूळ होते, हे खरे आहे. काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती रंगीत धुके दिसत असेल तर संशय तिथेच घ्यावा. पण तो द्रव म्हणजे पाणी नव्हे. ट्यूबची काच आणि लेन्स यांच्यामध्ये एथिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीनचे मिश्रण भरलेले असते. ते ट्यूबला थंड ठेवते आणि शिवाय प्रकाशाच्या मार्गाचाच एक भाग असते. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) १.३३, ग्लायकॉलचा सुमारे १.४३, ग्लिसरीनचा १.४७ आणि काचेचा १.५ च्या आसपास. हे आकडे जितके जवळ तितके काचेच्या पृष्ठभागावरून होणारे अनावश्यक परावर्तन कमी. गाडीच्या कूलंटमध्ये हिरवा किंवा गुलाबी रंग आणि गंजरोधक रसायने असतात. ते भरणे म्हणजे प्रत्येक ट्यूबपुढे रंगीत काच लावण्यासारखेच आहे. त्याहून गंभीर गोष्ट अशी की ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. काढलेला द्रव तळघरात उघड्या भांड्यात ठेवायला सांगणाऱ्या या संदेशाने घरातल्या मुलांचा आणि कुत्र्यामांजरांचा विचारही केलेला नाही.

फ्यूज आणि ‘दहा मिनिटे’ या दोन सूचना धोकादायक आहेत. या ट्यूबांना साधारण ३० हजार व्होल्ट लागतात आणि ट्यूबची काच स्वतःच विद्युतभार साठवणाऱ्या कपॅसिटरसारखी वागत असल्यामुळे प्लग काढल्यावरही तो भार टिकून राहू शकतो. अमेरिकेत विकलेल्या टीव्हीचे सर्व्हिस मॅन्युअल उघडले तर पहिली काही पाने सुरक्षिततेवरच खर्च केलेली असतात : ठरवून दिलेलाच फ्यूज, ठरवून दिलेलेच भाग, आणि उच्च व्होल्टेज नेमलेल्या मर्यादेत. ही शेवटची अट कंपनीची हौस नव्हे. व्होल्टेज वाढले की क्ष-किरण वाढतात, आणि टीव्हीच्या बाह्य पृष्ठभागापासून पाच सेंटिमीटरवर ताशी ०.५ मिलीराँटजेन (क्ष-किरण मोजण्याचे एकक) ही मर्यादा तिथल्या संघराज्य नियमांनी घातलेली आहे. तार जोडून फ्यूज निकामी केला की तो फ्यूज ज्यासाठी होता, ते आग लागण्यापासूनचे संरक्षणच निघून जाते.

कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवल्याने ट्यूबचा फॉस्फर (आतला प्रकाश देणारा लेप) लवकर थकतो आणि वाहिनीचे बोधचिन्ह किंवा बाजूच्या काळ्या पट्ट्यांच्या कडा पडद्यावर कायमच्या उमटतात. दिव्यावर चालणाऱ्या एलसीडी आणि डीएलपी प्रकारांना तर हा संदेश लागूच पडत नाही. डीएलपीत (सूक्ष्म आरशांच्या चिपवर चालणाऱ्या प्रकारात) पांढरे ठिपके दिसू लागले तर ते चिपवरचे अडकलेले सूक्ष्म आरसे असतात आणि चिप बदलावी लागते.

त्या दिवशी मी दाजींना आरसा तसाच सोडून पडदा परत बसवायला सांगितले आणि कन्व्हर्जन्स मेनूतल्या जुळवणीच्या रेषांच्या चौकटीचा फोटो मागवला. डाव्या कडेला लाल उभी रेघ बाहेर वाकली आहे आणि मेनूतून हलत नाही. म्हणजे मूळ दोष कन्व्हर्जन्सचा होता, आरशाचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता. तिथल्या एका जुन्या टेक्निशियनला त्यांनी आता मॅन्युअलमधले कन्व्हर्जन्सचे पान पाठवले आहे.