संग्रहालयात चेहरा वाचणारा कॅमेरा नको

पुण्यातल्या संग्रहालयांत इंटरॅक्टिव्ह दालनं यावीत, जरूर यावीत. पण चेहऱ्यावरून भावना ओळखणारा कॅमेरा कोणी विकायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. केळकर संग्रहालयातला अडकित्ता माणूस कपाळाला आठ्या घालून बघतो, कारण नक्षी बारीक असते. कॅमेरा त्याची नोंद ‘राग’ अशी करू शकतो.

त्यापेक्षा बोटांचा घाम मोजा: मन हललं की तो किंचित वाढतो आणि त्वचेतून वीज जास्त सहज वाहते. ज्या हाताने माणूस लिहीत नाही, त्याच्या तर्जनीला आणि मधल्या बोटाला इलेक्ट्रोड, त्वचेतून वीज किती सहज वाहते ते मोजणारा एक जीएसआर सेन्सर, नोंदी घेणारा ईएसपी३२ हा छोटा संगणक-बोर्ड आणि पॉवर बँक. बोर्डाचा स्वतःचा एडीसी, म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग, नीट रेषीय नाही (व्होल्टेज वाढतं त्याच प्रमाणात आकडा वाढत नाही), म्हणून त्याच कामाची १६ बिटांची एडीएस१११५ ही चिप वेगळी जोडा. सेकंदाला १० नोंदी पुरतात. काही पॉवर बँका एवढ्या कमी करंटला आपोआप बंद पडतात, ते आधी तपासा. चार्जर लावून मात्र कधीच मोजू नका: ५० हर्ट्झची गुणगुण शिरते आणि माणसाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

खरी गोम वेळेची आहे. त्वचेची प्रतिक्रिया १ ते ३ सेकंद उशिरा सुरू होते आणि ओसरायला आणखी वेळ घेते. म्हणजे माणूस समईपाशी पोचलेला असतो आणि आलेख अजून मागच्या कपाटाचाच चढत असतो. वस्तूसमोर निदान १० सेकंद थांबला तरच नोंद धरा. आणि दालनाने प्रतिसाद द्यावा म्हणून आलेख चढताच वस्तूवर भपकन दिवा लावलात, तर माणूस दिव्यालाच दचकतो, आलेख पुन्हा चढतो, दिवा पुन्हा भडकतो. उजेड ५-६ सेकंदांत हळूहळू वाढवा.

वाड्याचे जिने चढून आलेल्याला आधी ५ मिनिटं बसवा. मग ३ मिनिटं त्याची शांत पातळी घ्या आणि पुढचं सगळं त्याच्या त्या पातळीशीच ताडा. पावसाळ्यात दोन माणसांचे आकडे एकमेकांशी ताडण्यात काही अर्थ नसतो.

एवढं करूनही सेन्सर ‘किती’ सांगतो, ‘काय’ ते नाही. केळकर संग्रहालयातल्याच मस्तानी महालासमोर आलेख उंचावला, तो भारावून की मागून धक्का लागला म्हणून? विचारावंच लागतं. स्वित्झर्लंडमध्ये सांक्ट गालनच्या कलासंग्रहालयात २००९ साली हातमोज्यातून असंच मोजलं, तेव्हाही प्रेक्षकांना प्रश्न विचारलेच होते.

म्हणून दालन उघडण्याआधी १५-२० प्रौढ स्वयंसेवकांवर ही चाचणी घ्या, मांडणी बदला आणि सेन्सर काढून ठेवा. सहलीच्या मुलांना तो लावूच नका. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती मागतो, ती सहलीच्या बसमध्ये कोण गोळा करणार? मुलांच्या हातात बोथट पात्याचा अडकित्ता द्या, आणि एक सुपारी.